अकरा नंबरला एक्केचाळीस

सकाळी साडेनऊला साक्षीचा फोन आला. ती म्हणाली, "आज सहाला जयराज टेम्पो घेऊन तिकडे येतोय. माझं कपाट नेऊ का?" मी दाढी करत होतो. म्हणालो, "ने की. जागा होईल." पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, मग ती "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला. मी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली. साक्षी माझी बायको, जयराज तिचा भाऊ. पंधरा दिवसांपूर्वी ती कोरेगावला आईकडे गेली तेव्हा एक पिशवी घेऊन गेली होती, आणि पिशवी घेऊन गेलेलं माणूस कपडे संपले की परत येतं, अशा हिशेबाने मी शांत होतो. कपाटाचं तसं नसतं. ते लोखंडी, आरशाचं, चार माणसांनी उचलायचं. एकदा जिना उतरलं की ते पुन्हा जिना चढत नाही. गालावरचा फेस पुसताना मला कळलं, की तिने जे विचारलं ते कपाटाबद्दल नव्हतं. मग वाटलं की हे तिलाही माहीत असणार, आणि मी काय उत्तर दिलं तेही. आरशात बघितलं. चेहरा नेहमीसारखाच होता. थोडा आंबट.

आणि मग मी कामावर गेलो, कारण त्या दिवशी माझ्यासाठी चोवीस वाइन उघडून ठेवलेल्या होत्या. माझ्या कार्डावर 'सेन्सरी असोसिएट' असं लिहिलेलं आहे. सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, जावई औषधाच्या कंपनीत आहे असं सांगितलेलं आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. अठरा-एकोणीस नंबरच्या पुढे तसंच वाटायला लागतं. साताऱ्याच्या वाढे फाट्यावरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये लांब टेबल, टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीवर सगळं जग खाकी कागद गुंडाळून रांगेत उभं. कागदावर फक्त आकडा. बाराशे रुपयांच्या आतल्या, नऊ देशांतल्या. त्यातल्या सहा निवडायच्या, त्या वर महाबळेश्वरच्या हॉटेलांच्या यादीत जाणार. निवडणारे आम्ही तिघं. संयोगिता मॅडम पुण्याच्या आयात कंपनीतल्या, लंडनची परीक्षा दिलेल्या. सुभेदार मदने दहिवडीचे, सव्वीस वर्षं ऑफिसर्स मेसमध्ये काढलेले. आणि मी, तासगावचा, ज्याने नोकरीच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात 'द्राक्षे चाखणे, आठ वर्षे' असं लिहिलं होतं. ती द्राक्षं वाळलेली होती हे मी मुलाखतीत सांगणार होतो, पण कुणी विचारलं नाही.

घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, नाकाने हवा ओढायची आणि पिकदाणीत टाकायचा, अशी पद्धत आहे. सुभेदार टाकत नाहीत. "रेशनचा माल थुंकायचा नसतो," असं ते म्हणतात, आणि दुपारनंतर त्यांची मतं फार प्रेमळ होतात. मॅडमना प्रत्येक पेल्यात ब्लॅककरंट सापडतं. ते आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही. सुभेदार त्या जागी करवंद लिहितात, मी जांभूळ लिहितो, आणि मॅडम संध्याकाळी दोन्ही खोडून ब्लॅककरंट करतात. स्वस्त वाइनचं मला एक आवडतं. महागडी वाइन म्हणे गप्प बसून राहते, तिच्याकडून काढून घ्यावं लागतं. स्वस्त वाइन एसटीत शेजारी बसलेल्या माणसासारखी लगेच सांगायला लागते, की आपण कुठले, यंदा पाऊस किती, मुलीचं कुठं दिलंय. दोन नंबरला शाळेतल्या कंपासपेटीचा वास होता. चार नंबर गोड बोलून गळ्यात पडणारी. सहा नंबर पिऊन वाटलं की दूर कुठेतरी एका सरकारी कचेरीत पंखा फिरतोय आणि साहेब जेवायला गेलेत. मी त्या कचेरीत बराच वेळ बसलो. खिडकीबाहेर समुद्र होता, पण कागद उडू नयेत म्हणून खिडकी लावून घेतली होती. 'ने की, जागा होईल,' असं तिथल्या एका फायलीवर लिहिलेलं होतं. मी सहा नंबरला शंभरातले त्र्याहत्तर दिले आणि पाव खाल्ला.

जागा होईल म्हणजे कुठे होईल, याचा मी सात नंबरवर विचार केला. कपाट गेलं की भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ रंग उरेल. बाकी भिंत मळून पिवळी पडलेली, आणि मध्ये एक उभं, निळं, नवंकोरं कपाट, फक्त कपाट नसलेलं. तिथं काही ठेवता येणार नाही. आठ नंबर आणि नऊ नंबर त्या निळ्या चौकोनातच गेल्या. दोन्ही आंबट होत्या, किंवा मी होतो.

हे तोंड आंबट करणं मला मामाने शिकवलं. तासगावच्या बाजारात बेदाण्याचा सौदा निघतो तेव्हा खोकी उघडून ओळीने मांडतात, अडत्या पुढे, त्याच्या मागे तीस-चाळीस खरेदीदार. प्रत्येक खोक्यात सगळ्यांचे हात जातात, मूठ भरून बेदाणा वर येतो, दोन दाणे दाताखाली, बाकीची मूठ खाली. फरशीवर बेदाण्याचा असा थर होतो की चप्पल पावलागणिक चिकटते, आणि सगळा बाजार चिकटलेल्या चपला सोडवत सोडवत, सावकाश, पाण्याखाली चालल्यासारखा पुढे सरकतो. त्या खरेदीदारांत गुंडामामाचा चेहरा म्हणजे भावासाठी सगळ्यांची घड्याळ बघायची जागा. माल जितका सरस, तितकं मामाचं तोंड वाईट. अप्रतिम हिरवा, लांब, पातळ सालीचा माल समोर आला की मामा कुणाच्या दहाव्याला आल्यासारखा उभा राहायचा. रद्दी मालापाशी मात्र मान हलवायचा, "वा, वा" करायचा, आणि दोघं-तिघं नवे लोक तो घेऊन घरी जायचे. बारावी झाल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेलो. तिसऱ्याच ओळीत एक दाणा चावला आणि माझ्या तोंडून "आईशप्पथ" असं निघालं. भाव चढला, माल दुसऱ्याने नेला. मामा दुपारपर्यंत बोलला नाही. मग उसाचा रस पाजताना म्हणाला, "चव जिभंला कळू दे की. तोंडाला कशाला सांगतोस रं?"

मी शिकलो. आठ वर्षांत इतका शिकलो की ते शिकलेलं आहे हे विसरून गेलो. मामाच्या घरीही तेच चालायचं. तो जेवून उठताना "ठीक हाय" म्हणायचा आणि बनुबाई, म्हणजे मामी, ताट उचलता उचलता मला सांगायची, "ठीक हाय म्हंजे आज लय जेवले. बरं हाय म्हणाले असते तर उपाशी उठले असते." मामीला सगळी भाषा येत होती. मला वाटायचं बायकांना ती येतेच, जन्मापासून, जसं त्यांना पिठात किती पाणी घालायचं ते कळतं. पण साक्षी कोरेगावची. कोरेगावात घेवडा पिकतो, आणि घेवड्याचं असं काही नसतं. घेवडा चांगला असला की माणसं चांगला म्हणतात आणि घेतात.

साक्षीचा आवाज साताऱ्याच्या स्टँडवर आहे. ती पाच वर्षं तिथं माइकवर गाड्या पुकारायची, कंत्राटावर. मग यंदा त्यांनी तिच्याकडून सगळ्या गावांची नावं एकदाच म्हणून घेतली, यंत्रात भरली आणि तिला घरी पाठवलं. तिला त्याचं दुःख व्हायला हवं होतं; तिला मजा वाटली. म्हणाली, "मी आता घरी झोपले तरी गाड्या सोडणार." पहिल्या दिवशी तिने मला मुद्दाम स्टँडवर नेलं. आम्ही चार ते सहा बाकावर बसलो, मधे एक भेळ. वर, पत्र्याखाली, ती बोलत होती, आणि माझ्या शेजारी ती भेळ खात होती. फलटण. दहिवडी. वडूज. म्हसवड. प्रत्येक गावाच्या आधी ती अगदी थोडं थांबायची, दार उघडण्यापूर्वी कडीवर हात ठेवून थांबावं तशी. स्टँडवरची माणसं उठायची, गाठोडी उचलायची, चालायला लागायची. ती म्हणाली आणि माणसं निघाली, असं दोन तास चाललं होतं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि बसायला तयार नव्हते. सहा वाजता तिने विचारलं, "कसा वाटला?" मी भेळेचा कागद चुरगळला आणि म्हणालो, "ठीक आहे. रहिमतपूरला जरा घाई झाली." घरी आल्यावर पिशवी भरताना म्हणाली, "चार वर्षांत तू मला एकदा 'छान' म्हणालेला नाहीस, यशराज. एकदा. साधं पोहे छान झालेत एवढं पण नाही." मला खरंच नवल वाटलं होतं. मला वाटत होतं की मी सारखा तेच म्हणतोय.

"दहा झाल्या," संयोगिता मॅडम म्हणाल्या. "पाणी प्या. अकरा घ्या."

अकरा नंबर पेल्यात पडली तेव्हा काही विशेष नव्हतं. लाल, जरा पातळ, कडेला विटकरी. नाक घातलं तर आधी गंधक आलं, काडी ओढल्यावर येतं तेवढंच. स्वस्त बाटलीला ते असतं, थोडं थांबलं की जातं. पण ते जायच्या आत मी शेडमध्ये होतो. बेदाण्याच्या शेडला हिरवी जाळी असते आणि आतला उजेड हिरवा, तळ्याच्या तळाला असतो तसा. वर खाली बारा थर, प्रत्येक थरावर द्राक्षं सुरकुतत पडलेली, आणि कुठेतरी गंधकाची धुरी दिलेली. मी घोट घेतला. कोणीतरी हळूच एक फळी काढली आणि मागे आणखी एक शेड निघाली, तिच्यामागे आणखी एक. सगळ्यांत हिरवा उजेड, आणि शेवटच्या शेडमध्ये आमची साताऱ्याची खोली होती, दुपारची. साक्षी जमिनीवर झोपली होती, गाल फरशीला लावून, कारण फरशी गार असते. झोपेत ती गावांची नावं म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. नुसती श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासाच्या आधी ते थोडं थांबणं. मी त्या खोलीत उभा राहिलो. वाइन तोंडातच होती. मला ती थुंकायची नव्हती आणि गिळायचीही नव्हती. तोंड बंद ठेवून असंच घरी जावं, रिक्षात बसावं, जिना चढावा, आणि कपाटासमोर उभं राहून तोंड उघडावं, असं वाटत होतं. इतकी चांगली गोष्ट माझ्या तोंडात यापूर्वी कधी आली नव्हती. मग माझ्या ओठांचे कोपरे खाली गेले, नाक आक्रसलं, मी पिकदाणीकडे वाकलो आणि उजव्या हाताने कागदावर एक्केचाळीस लिहिले.

मी ते लिहिताना पाहिलं. हात माझा होता. चार आणि एक. सुंदर अक्षर.

बारा नंबरपासून चोवीसपर्यंतच्या बहुतेक वाइन लोकांनी पिऊन पाहाव्यात एवढ्या बऱ्या होत्या. मी त्यांना भरभरून मार्क दिले. साडेतीनला आम्ही कागद सही करून दिले, मॅडमनी लॅपटॉपवर बेरजा केल्या आणि यादी वाचली. सहा नंबर होती, ती सरकारी कचेरी. एकोणीस नंबर होती, जिला मी एक्क्याण्णव दिले होते कारण ती भयंकर होती. अकरा नव्हती.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "अकराला मी अठ्ठ्याऐंशी दिलेत. सुभेदारांनी नव्वद."

"ब्रिगेडियरसायबांनी परत मागितली असती ती," सुभेदार मदने म्हणाले. ते आता फार प्रेमळ होते. "मी तर तिला करवंदसुद्धा लिहिलं न्हाई. कायच लिहिलं न्हाई. नुसतं हाय, असं लिहिलं."

"यशराजचे एक्केचाळीस. त्यानं पडली." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अभ्यास म्हणून. "तुम्हाला काय खटकलं तिच्यात?"

"शेवटी जरा घाई झाली," मी म्हणालो.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. मी स्वतःचं वाक्य ऐकलं; ते माझ्याच तोंडून दुसऱ्यांदा निघालं होतं आणि दोन्ही वेळा ते धडधडीत खोटं होतं. मी म्हणालो, "मॅडम, चांगली होती." हे दोन शब्द मी वयात आल्यापासून मोठ्याने उच्चारले नव्हते. त्यांचा आवाज एखाद्या परक्या देशातल्या शब्दांसारखा झाला. "सगळ्यांत चांगली होती. एक नंबर. मी चुकून लिहिलं."

"चुकून एक्केचाळीस?"

"चांगली होती म्हणून."

सुभेदार समजल्यासारखी मान हलवत होते, पण ते दुपारपासून सगळ्यालाच हलवत होते. मॅडमनी अकराचा कागद सोडवला. बाटलीवर एक खेडं होतं, आणि खेड्याच्या खाली मोल्दोव्हा असं लिहिलेलं होतं. "सही झालेला कागद बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे लोक छोटे आहेत. नमुना एकदाच पाठवतात. नाही म्हटलं की दुसरीकडे जातात." त्यांनी बूच लावलं. मी त्या खेड्याकडे बघत राहिलो. चार घरं, एक झाड, एक बैलगाडीसारखं काहीतरी. तिथं कुणीतरी आता उत्तराची वाट बघत असेल आणि त्याला 'जरा घाई झाली' असं कळवलं जाईल, आणि तो आपल्या बायकोला विचारेल की कुठे झाली असेल.

चार वाजले होते. टेम्पो कोरेगावहून पाचला निघणार. फोन करता आला असता, पण फोनवर मी पुन्हा 'ने की' म्हणालो असतो, याची मला खात्री होती. मी रिक्षाने स्टँडवर गेलो. शर्टावर दोन-तीन नंबर सांडलेले होते. स्टँडवर गर्दी, चहाची वाफ, शेंगा. आणि वरून साक्षी बोलत होती. कुणाशीही. मला वाटलं होतं की पंधरा दिवसांत तिचा आवाज बदलला असेल, जरा कोरडा झाला असेल, पण तो त्या आधीच्याच दिवसांतला होता, जेव्हा ती मजेत होती. वडूज, तिने सांगितलं, आणि माणसं वडूजला गेली. रहिमतपूर. मी लक्ष देऊन ऐकलं. रहिमतपूरला कणभरही घाई नव्हती. उलट 'र' च्या आधी ती जे थांबली त्यात एक माणूस सुखाने राहू शकला असता. मग ती म्हणाली, सातारा-कोरेगाव, फलाट क्रमांक चार. मी उठलो. चार वर्षांत तिने सांगितलेलं काहीतरी मी ताबडतोब केलं असेल तर ते हेच.

गाडी क्षेत्र माहुलीचा पूल ओलांडताना मी वाक्यं बनवत होतो. तू छान आहेस. हे मी तीनदा मनात म्हटलं आणि तीनदा शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड किती वाईट होत असेल याची मला कल्पना आली. मग मी चेहरा सरळ ठेवायचा सराव केला. खिडकीबाहेर ऊस, वीटभट्टी, पुन्हा ऊस. हे सगळं चांगलं होतं. ऊन चांगलं होतं. कंडक्टरचा तिकिटाचा हात चांगला होता. मी एकेका गोष्टीला मार्क देत गेलो, खरे खरे, आणि त्यांची बेरीज शंभराच्या वर जायला लागली तेव्हा कोरेगाव आलं.

टेम्पो दारातच होता, तोंड साताऱ्याकडे. ड्रायव्हर पप्पू मागच्या फळीवर पोती अंथरत होता, कपाटाला ओरखडा पडू नये म्हणून. माझा मेहुणा जयराज दोराची गुंडाळी खांद्यावर घेऊन उभा होता.

"या दाजी," तो म्हणाला. "आमी येतच हुतो की. का कपाट पाठीवर टाकून आणलंय?"

"साक्षी आहे का?"

"हाय. पर आधी सांगा, पिऊन आलाय व्हय?"

"नाही. थुंकून आलोय."

साळूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "औषधाचा वास येतुया पाव्हण्यास्नी. कामावनं तसंच आलेलं दिसत्यात." त्यांच्यामागे दारात साक्षी होती. तिने केस वर बांधले होते आणि हातात घेवड्याच्या शेंगा घेतलेलं पाखडायचं सूप होतं. मी बसमध्ये बनवलेली सगळी वाक्यं पुलावरच राहिली होती.

"रहिमतपूर चांगलं म्हणतेस तू," मी म्हणालो.

तिने सूप कमरेवर घेतलं.

"फलटण पण. वडूज पण. सगळंच. मी आत्ता ऐकून आलो. त्या दिवशी पण चांगलं होतं. माझे केस उभे राहिले होते." मी मान वळवून जागा दाखवली. पप्पूनेही वाकून बघितली. "पोहे पण चांगले असतात. चार वर्षं चांगलेच आहेत."

"मग घाई झाली म्हणालास ते?"

"तशी सवय आहे. आमच्याकडे चांगलं दिसलं की तोंड वाईट करतात. भाव पडावा म्हणून."

साक्षीने सूप कठड्यावर ठेवलं. "भाव पडावा म्हणून," ती म्हणाली, हळू, एखादं नवीन गाव पुकारायला दिल्यासारखी. "अरे, पण घेणारा तू एकटाच होतास की. दुसरं कोण उभं होतं तिथं? कुणासमोर तोंड वाईट करत होतास चार वर्षं?"

जयराजने दोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. मी त्या बाजाराकडे वळून बघितलं. इतका मोठा बाजार, ओळीने खोकी, अडत्या, आणि खरंच तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी एकटाच चिकटलेल्या चपला सोडवत चाललो होतो.

"आज एक बाटली अशीच घालवली," मी म्हणालो. "ती आता येणार नाही. कपाट राहू दे, साक्षी. तू पण ये. आज नाही तर नाही. पण ये."

"तिला तरी सांगितलंस का, चांगली होतीस म्हणून?"

"सांगितलं. उशीर झाला होता."

तिने सूप परत उचललं, दोन शेंगा मोडल्या, दाणे बाजूला केले. सगळे थांबलो होतो. मला वाटतं पप्पू सगळ्यात जास्त थांबला होता. मग ती तशीच, शेंगांकडे बघत म्हणाली, "पप्पूदा, पोती काढून ठेव. आज जायचं नाही."

"मग कवा जायाचं?" जयराज म्हणाला.

"ते माझं मी सांगीन. टेम्पोनं का एसटीनं ते पण." आणि माझ्याकडे न बघता, आत वळता वळता, "चपला आत घे. इथलं कुत्रं एकच नेतं, आन ती पण उजवी."

मी वाकलो आणि दोन्ही उचलल्या.